दूरस्थ लिनक्स सर्व्हरवरील फाइल-परवानग्या वाचणारा कोड रोज कोरा अहवाल देतो

अभिलेख_तपासणी (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या संस्थेकडे जुन्या दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या प्रतींचा संग्रह आहे आणि तो डेबियन चालणाऱ्या एका सर्व्हरवर ठेवला आहे. सर्व्हर दुसऱ्या गावी असल्यामुळे त्याच्याशी आमचा संबंध केवळ एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी) यामार्फत येतो. संग्रहातील कोणतीही फाइल मालक आणि गट यांच्याबाहेरच्या वापरकर्त्यांना लिहिण्यासाठी खुली राहू नये, हे पाहण्यासाठी रात्री एक पायथॉन कोड चालतो. तो पॅरामिको लायब्ररीच्या साहाय्याने एसएफटीपी (एसएसएचवरून फाइलींची देवाणघेवाण) जोडणी करतो, लिस्टडिर_अॅट्र हे फंक्शन वापरून एकेका डिरेक्टरीची यादी मागवतो, प्रत्येक नोंदीच्या एसटी_मोड या आकड्यातून परवानग्यांचे बिट वेगळे करतो आणि 'इतरांना लेखन' हा बिट लागलेला असेल तर त्या फाइलीचे नाव अहवालात लिहितो.

हा कोड मुळात पायथॉन २ साठी लिहिलेला होता. तो पायथॉन ३ वर आणल्यापासून अहवाल रोज कोरा येतो. सुरुवातीला हे चांगले लक्षण वाटले, परंतु खात्री करावी म्हणून मी एका फाइलीला मुद्दाम ६६६ (सर्वांना वाचन-लेखन) परवानगी दिली, तरीही अहवाल कोराच आला. मग बिट वेगळे केल्यानंतरचे आकडे छापून पाहिले. बहुतेक सर्व फाइलींसमोर २५६ आणि बहुतेक डिरेक्टऱ्यांसमोर २६५ असे दिसते. केवळ तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीसमोर ७७७ येते आणि ते बरोबर वाटते, कारण ती डिरेक्टरी खरोखरच सर्वांना खुली आहे. सर्व्हरवर टर्मिनलमधून पाहिले असता मात्र ६४४, ६४०, ७५५ असे नेहमीचे आकडे दिसतात. सर्व्हर चुकीची माहिती पाठवत आहे, की वाचणारा कोड चुकत आहे, हे कसे ठरवावे?

बिटवाचक

ते ठरवण्यासाठी आपण छापलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण तो कोडच्या हातून गेल्यानंतरचा आहे. एसटी_मोडला हात लावण्यापूर्वी तो जसा आला तसा छापावा आणि त्यातून बिट काढणारी ओळ इथे शब्दांत सांगावी.

अभिलेख_तपासणी

मूळ आकडे असे आहेत: एका सामान्य स्कॅनसमोर ३३१८८, दुसऱ्यासमोर ३३१८४, डिरेक्टऱ्यांसमोर १६८७७, तात्पुरत्या डिरेक्टरीसमोर १७४०७ आणि मी मुद्दाम उघडी ठेवलेल्या फाइलीसमोर ३३२०६. बिट काढणारी ओळ एसटी_मोड आणि ७७७ यांचा बिटनिहाय 'अँड' करते (दोन्हींत लागलेले बिट तेवढेच ठेवते). जुन्या प्रतीत तिथे शून्याने सुरू होणारा ०७७७ होता. पायथॉन ३ ने तो स्वीकारला नाही, म्हणून पुढचे शून्य काढलेले दिसते.

बिटवाचक

मग सर्व्हर निर्दोष आहे. ३३१८८ हा आकडा अष्टमान पद्धतीत (० ते ७ या आठच अंकांत) लिहिला की १००६४४ होतो: पुढचा भाग सांगतो की ही साधी फाइल आहे आणि मागचे तीन अंक म्हणजे आपल्याला हवी असलेली परवानगी (अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांची). ३३१८४ म्हणजे १००६४०, १६८७७ म्हणजे ४०७५५, आणि आपली चाचणीची फाइल, ३३२०६, म्हणजे १००६६६. दूरचा संगणक प्रत्येक वेळी खरे तेच सांगत होता.

घोटाळा त्या काढलेल्या शून्याचा आहे. पायथॉन २ मध्ये पुढचे शून्य 'हा आकडा अष्टमानातला आहे' असे सांगत असे. पायथॉन ३ मध्ये त्यासाठी शून्यानंतर इंग्रजी ओ हे अक्षर लिहावे लागते. नुसते शून्य काढले की ७७७ हा दशमानातला सातशे सत्त्याहत्तर होतो. अष्टमानातील ७७७ म्हणजे दशमानातील ५११, ज्यात नऊच्या नऊ परवानगी-बिट लागलेले असतात. दशमानातील ७७७ मात्र अष्टमानात १४११ होतो आणि त्यात फक्त चार बिट लागलेले असतात: स्टिकी बिट (सामायिक डिरेक्टरीत दुसऱ्याची फाइल पुसू न देणारा), मालकाचे वाचन, गटाचे एक्झिक्यूट आणि इतरांचे एक्झिक्यूट. लेखनाचा एकही बिट त्यात नाही. त्यामुळे ६००, ६४०, ६४४, ६६० आणि ६६६ या सर्वांचे उत्तर २५६ येते, आणि ७५५, ७७५ व ७७७ या सर्वांचे २६५. आपला कोड ज्या बिटाच्या शोधात होता तो बिट पहिल्याच पायरीवर पुसला जात होता, म्हणून अहवालात काहीही येणे शक्यच नव्हते.

तात्पुरत्या डिरेक्टरीचे ७७७ हे तर सर्वांत फसवे आहे. तिची खरी परवानगी १७७७ आहे. तिच्यावर १४११ लावले की १४११ च उरते आणि दशमानात छापल्यावर तेच ७७७ दिसते. आकडा ओळखीचा दिसला, परंतु तो परवानगीचा नसून लावलेल्या चाळणीचाच होता.

जुना_प्रशासक

बिटवाचक यांच्या निदानात भर घालण्यासारखे थोडेच आहे. हाताने आकडा लिहिण्याऐवजी पायथॉनच्या स्टॅट मॉड्यूलमधील एस_आयमोड हे फंक्शन वापरावे. ते अष्टमानातील ७७७७ पर्यंतचे बिट ठेवते, म्हणजे सेटयूआयडी व सेटजीआयडी (फाइल तिच्या मालकाच्या वा गटाच्या अधिकाराने चालवणारे बिट) आणि स्टिकी हेही हाती राहतात. तपासणीच्या कोडसाठी ते महत्त्वाचे आहेत. छापताना नेहमी अष्टमानात छापावे, किंवा पायथॉन ३.३ पासून असलेले फाइलमोड हे फंक्शन वापरावे, जे टर्मिनलमधल्या यादीसारखी अक्षरे देते. आणि पॅरामिकोत एसटी_मोड रिकामा, म्हणजे नन, असू शकतो, कारण एसएफटीपीत परवानगीची माहिती पाठवणे सर्व्हरवर बंधनकारक नाही. ओपनएसएसएच (एसएसएचचे प्रचलित सर्व्हर-सॉफ्टवेअर) ती पाठवते, परंतु सर्वच सर्व्हर पाठवतील असे नाही. ननला शून्य समजणारा कोड तशा सर्व्हरवर पुन्हा कोराच अहवाल देईल.

अभिलेख_तपासणी

आपण दोघांनी सांगितलेली दुरुस्ती केली आणि चाचणीची फाइल लगेच पकडली गेली. परंतु आता अहवाल उलट बाजूला गेला आहे. कितीतरी नोंदींसमोर ७७७ दिसते. मी गटाच्या लेखनाचीही तपासणी जोडली, तेव्हा एका पूर्ण डिरेक्टरीतील फाइलींसमोर ६६० दिसू लागले. त्या फाइलींना आम्ही स्वतः ६४० दिलेले होते. इतक्या महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आले नाही याची मला फार काळजी वाटते. चमोड कमांड लावून सर्व फाइली आजच ६४० वर आणाव्यात, असे मी ठरवत आहे.

जुना_प्रशासक

कृपया अद्याप एकाही फाइलीला चमोड लावू नये. वाचणारा कोड नुकताच बदलला आहे आणि तो काय मोजतो हे आपल्याला अजून पूर्ण ठाऊक नाही. अशा वेळी मोजलेली वस्तूच बदलली तर मूळ स्थिती पुन्हा कधीच कळणार नाही. आपण सांगितलेल्या दोन गोष्टींची कारणे वेगवेगळी असावीत.

७७७ असलेल्या नोंदींचा मूळ एसटी_मोड पाहावा. तो ४१४७१ असेल तर अष्टमानात तो १२०७७७ आहे आणि पुढचे १२ सांगतात की ही फाइल नसून सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, आहे. लिनक्सवर सिमलिंकची स्वतःची परवानगी नेहमी ७७७ च दिसते आणि तिला काही अर्थ नसतो. प्रवेश ठरतो तो लिंक जिथे जाते त्या फाइलीच्या परवानगीवर. ओपनएसएसएचचा एसएफटीपी सर्व्हर डिरेक्टरीची यादी देताना प्रत्येक नोंदीवर एलस्टॅट चालवतो, म्हणजे लिंकच्या मागे जात नाही, त्यामुळे लिस्टडिर_अॅट्रमध्ये लिंकचीच माहिती येते.

६६० चे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्या डिरेक्टरीवर एसीएल (नावानिशी दिलेल्या जादा परवानग्यांची यादी) लावलेले आहे का, हे सर्व्हरवर गेटफॅकल कमांडने पाहावे आणि आउटपुट काय आले ते इथे सांगावे.

उत्तररात्र

सिमलिंकबाबत एक सावधगिरी. लिंक दिसली की ती सोडून द्यावी, असा सोपा उपाय अनेक जण करतात. लिंक संग्रहाच्या आतल्याच फाइलीकडे जात असेल तर ते ठीक आहे, कारण ती फाइल तिच्या स्वतःच्या जागी तपासली जाईलच. परंतु लिंक संग्रहाच्या बाहेर जात असेल तर तिचे लक्ष्य कोणीच तपासत नाही. म्हणून लिंक आढळल्यावर पॅरामिकोचे स्टॅट (लिंकच्या मागे जाऊन फाइलीची माहिती आणणारे फंक्शन) स्वतंत्रपणे चालवून लक्ष्याची परवानगी घ्यावी. लक्ष्यच नसेल तर तशी वेगळी नोंद करावी. आणि लिंक डिरेक्टरीकडे जात असेल तर तिच्या आत मात्र उतरू नये, नाहीतर वर्तुळात अडकण्याचा धोका असतो.

अभिलेख_तपासणी

४१४७१ हाच आकडा आहे, म्हणजे त्या सर्व सिमलिंक आहेत. गेटफॅकलच्या आउटपुटमध्ये मालकाला वाचन-लेखन, गटाला केवळ वाचन, बॅकअपच्या खात्याला नावानिशी वाचन-लेखन, मास्क वाचन-लेखन आणि इतरांना काहीही नाही, असे दिसते. म्हणजे गटाला लेखन नाहीच. मग एसएफटीपीमधून ते का दिसते?

जुना_प्रशासक

कारण फाइलीवर विस्तारित एसीएल आले की एसटी_मोडमधील गटाचे तीन बिट गटाची परवानगी सांगत नाहीत, ते मास्क सांगतात. पॉसिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाच्या १००३.१ई या मसुद्यात ही रचना ठरली. तो मसुदा १९९८ साली मागे घेण्यात आला, पण लिनक्सने एसीएल त्याच धर्तीवर स्वीकारले. नावानिशी दिलेल्या खात्यांना आणि सर्व गटांना जास्तीत जास्त किती मिळू शकते, याची कमाल मर्यादा म्हणजे मास्क. बॅकअपच्या खात्याला लेखन देताच सेटफॅकलने मास्कही आपोआप वाचन-लेखन असा केला आणि ६४० ची फाइल बाहेरून ६६० दिसू लागली.

आता आपण चमोड लावले असते तर काय झाले असते ते पाहा. एसीएल असलेल्या फाइलीवर चमोडने गटाचे लेखन काढले की प्रत्यक्षात मास्कमधून लेखन निघते. गटाच्या परवानगीत काहीच फरक पडला नसता, कारण तिला लेखन नव्हतेच. बॅकअपच्या खात्याचे लेखन मात्र गेले असते. अहवाल स्वच्छ दिसला असता आणि त्या खात्याचे काम कुठल्यातरी रात्री परवानगी नाकारली म्हणून बंद पडले असते. मला या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, म्हणून ती विस्ताराने लिहीत आहे.

टर्मिनलमधील यादीत अशा फाइलीच्या परवानगीपुढे अधिक चिन्ह येते, त्यामुळे माणसाला निदान संशय तरी येतो. ओपनएसएसएच एसएफटीपीची तिसरी आवृत्ती वापरते आणि तिच्या गुणधर्मांत आकारमान, मालक व गट यांचे क्रमांक, परवानगीचे बिट आणि वेळा एवढेच असते. एसीएलला त्यात जागाच नाही आणि ते अधिक चिन्हही येत नाही. केवळ एसएफटीपीवर अवलंबून असलेला कोड, कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी, खरे ६६० आणि मास्कमुळे दिसणारे ६६० यांत फरक करू शकणार नाही. त्यासाठी सर्व्हरवर गेटफॅकल चालवणे भाग आहे.

अभिलेख_तपासणी

हे वाचून चमोड न लावल्याचे समाधान वाटले. आता आणखी एक विसंगती समोर आली आहे. सर्व्हरच्या प्रशासकांनी फाइंड कमांडने मोजलेल्या फाइली आमच्या कोडने पाहिलेल्या फाइलींपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. कोडमध्ये कोणतीही त्रुटी दिसत नाही.

उत्तररात्र

याची दोन संभाव्य कारणे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

पहिले आपल्या कोडमध्ये शोधावे: कोणतीही त्रुटी आली तरी पुढे जा, असा एक्सेप्ट-कंटिन्यू कुठे आहे का? डिरेक्टरी उघडण्याची परवानगी नसेल तर पॅरामिको परमिशन-एरर उठवते, आणि ती गिळली गेली की त्या डिरेक्टरीखालचे सर्व काही अहवालातून निःशब्दपणे गळते.

दुसरे कारण सर्व्हरच्या बाजूला आहे आणि ते कोडमधून दिसणारच नाही. डिरेक्टरीवर आपल्या खात्याला वाचन असेल पण एक्झिक्यूट नसेल, तर आतल्या फाइलींची नावे वाचता येतात, मात्र त्यांच्यावर स्टॅट चालत नाही. फाइलीची माहिती मिळण्यासाठी तिच्यापर्यंतच्या मार्गावरील प्रत्येक डिरेक्टरीचे एक्झिक्यूट लागते. अशा डिरेक्टरीत टर्मिनलवरील यादी नावांसमोर प्रश्नचिन्हे दाखवते. ओपनएसएसएचचा एसएफटीपी सर्व्हर मात्र ज्या नोंदीवर एलस्टॅट अयशस्वी होते ती नोंद गाळून पुढे जातो आणि कोणतीही त्रुटी पाठवत नाही. आपल्याला रिकामी यादी मिळते आणि डिरेक्टरी रिकामी आहे असे वाटते.

अभिलेख_तपासणी

एक्सेप्ट-कंटिन्यू होता, तो काढल्यावर काही डिरेक्टऱ्यांवर परवानगी नाकारल्याच्या त्रुटी आल्या. आणि काही डिरेक्टऱ्या आपण म्हणता तशा, वाचन असलेल्या पण एक्झिक्यूट नसलेल्या, निघाल्या. मग तपासणीच्या खात्याला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार द्यावेत का?

बिटवाचक

रूट देण्याची गरज नाही. कॅप_डॅक_रीड_सर्च ही लिनक्सची क्षमता नेमकी यासाठी आहे: ती असलेली प्रक्रिया फाइलींच्या वाचनाची आणि डिरेक्टऱ्यांच्या वाचन-एक्झिक्यूटची तपासणी ओलांडू शकते. सुडोमधून (रूटच्या अधिकाराने ठरावीक कमांड चालवू देणारी सोय) फाइंड कमांडची मुभा देणे हा दुसरा मार्ग आहे.

जुना_प्रशासक

मला दोन्हींबद्दल आक्षेप आहे. त्या क्षमतेमुळे केवळ परवानग्याच नव्हे तर प्रत्येक फाइलीचा मजकूरही वाचता येतो, म्हणजे तपासणीचे खाते हेच सर्व्हरवरील सर्वांत मोलाचे लक्ष्य बनते. आणि सुडोत फाइंड मोकळेपणाने दिले तर तिच्या एक्झेक या पर्यायातून कोणतीही कमांड रूट म्हणून चालवता येते, म्हणजे ते रूट देण्यासारखेच झाले.

माझा सल्ला असा, की अधिकार बाहेरून येणाऱ्या कोडला देऊ नयेत. मोजणीच सर्व्हरवर व्हावी. प्रशासकांनी रात्री रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) फाइंड चालवावी, प्रिंटफ या पर्यायाने प्रत्येक नोंदीची अष्टमान परवानगी, प्रकार, मालक, गट आणि मार्ग लिहून घ्यावेत, सोबत गेटफॅकलचे आउटपुट ठेवावे आणि त्या दोन यादी-फाइली फक्त वाचण्याची मुभा तपासणीच्या खात्याला द्यावी. नोंदी नव्या ओळीने नव्हे तर शून्य बाइटने वेगळ्या कराव्यात, कारण फाइलीच्या नावात नवी ओळ असणे लिनक्सवर वैध आहे. आपला पायथॉन कोड मग फक्त यादी आणून तिचे विश्लेषण करील.

संग्रहाच्या मुळाशी एक वेगळी डिरेक्टरी करून तिच्यात ६६६ परवानगीची एक रिकामी फाइल कायमची ठेवावी. ज्या रात्रीच्या अहवालात ती फाइल नसेल तो अहवाल अवैध मानावा. इतके महिने कोरा अहवाल आणि स्वच्छ अहवाल यांत फरक करता येत नव्हता, तो या एका फाइलीने करता येईल.

बिटवाचक

आक्षेप मान्य आहे. मोजणी सर्व्हरवरच करणे अधिक चांगले.

अभिलेख_तपासणी

प्रशासकांनी ही व्यवस्था मान्य केली आणि आकडे आता जुळतात. एक प्रश्न शिल्लक आहे. आमच्या नोंदवहीतील नावे घेऊन एकेका फाइलीवर स्टॅट चालवणारा एक छोटा कोड अजून एसएफटीपीवरच आहे. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'अपुऱ्या' असे शब्द नावात असलेल्या काही फाइलींवर तो त्रुटी देतो, पण त्या फाइली यादीत स्पष्ट दिसतात. हीही परवानगीचीच अडचण आहे का?

बिटवाचक

त्रुटीचा प्रकार पाहावा. एसएफटीपीत क्रमांक २ म्हणजे अशी फाइल नाही आणि ३ म्हणजे परवानगी नाकारली. आपल्याला २ येत असणार.

आपण दिलेल्या तिन्ही शब्दांत ऱ हे अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते: एकच संकेतांक म्हणून, किंवा र आणि त्यानंतर नुक्ता असे दोन संकेतांक म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यूटीएफ-८ मध्ये पहिला ३ बाइटचा आणि दुसरा ६ बाइटचा होतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-प्रणाली नावाकडे केवळ बाइटांची मालिका म्हणून पाहतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत. त्या फाइली जुन्या मॅकवरून आलेल्या आहेत का? मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-प्रणाली नावे विघटित रूपात साठवत असे.

अभिलेख_तपासणी

होय, स्कॅनिंगचा तो भाग बाहेरून करवून घेतला होता आणि तिथे मॅक वापरले जात होते. त्रुटीचा क्रमांकही २ च आहे.

बिटवाचक

मग सर्व्हरवरील नावे लगेच बदलू नयेत, कारण इतर नोंदींमध्ये तीच नावे वापरलेली असू शकतात. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझ फंक्शनने नोंदवहीतील नाव आणि सर्व्हरवरून आलेले नाव ही दोन्ही एनएफसी (जोडलेल्या अक्षरांच्या) रूपात आणून त्यांची तुलना करावी, परंतु स्टॅट चालवताना मात्र सर्व्हरने दिलेले मूळ नावच जसेच्या तसे वापरावे.

उत्तररात्र

धागा पुढे कोणी वाचेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी जोडतो. एखाद्या डिरेक्टरीखालच्या सर्वच फाइली ७५५ दिसत असतील तर तिथे सीआयएफएसने विंडोजचा शेअर जोडलेला आहे का, हे फाइंडमाउंट कमांडने पाहावे. सर्व्हरकडून युनिक्स परवानग्या मिळत नसतील तर तशा जोडणीत परवानगीचे बिट माउंट करतानाच्या पर्यायांवरून ठरतात, प्रत्यक्ष फाइलीवरून नाही. आणि धागाकर्त्यांच्या कोडमध्ये पॅरामिकोचे ऑटोअॅडपॉलिसी असेल तर ते काढावे. पॅरामिकोची मूळ भूमिका अनोळखी होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणारी की) नाकारण्याची आहे. इंटरनेटवरील उदाहरणांतून ऑटोअॅडपॉलिसीची ओळ उचलली की ती भूमिका रद्द होते आणि त्याच नावाने उत्तर देणाऱ्या अनोळखी संगणकाची कीही विनातक्रार स्वीकारली जाते. सर्व्हरची की प्रशासकांकडून मागवून नोन_होस्ट्स फाइलीत आधीच ठेवावी.

अभिलेख_तपासणी

ती ओळ कोडमध्ये होती. काढली आहे, आणि प्रशासकांकडून कीचा ठसा दूरध्वनीवरून पडताळून घेतला आहे.